पलीकडचा भोंगा

बिस्किट कंपनीचं ऑफिस आणि दूरच्या गावातला तिचा कारखाना एका लाईनने जोडले गेले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी ऑफिसात भोंगा वाजला.

साधासुधा नव्हे, चांगला पोट भरून वाजला. हिशेबाच्या ताईंच्या हातातलं पेन उडालं. मॅनेजरसाहेब केबिनमधून धावत बाहेर आले. "कोणाचा फोन आहे हा?"

फोन कोणाचाच नव्हता. आवाज छतातल्या कर्ण्यातून येत होता. एरवी त्यातून फक्त साहेबांचं 'कृपया हळू बोला' यायचं. आता भोंग्यामागून एक खणखणीत बाईमाणूस बोललं, "चला गं, चहा! भट्टी आधी मंद करा."

भट्टी ऑफिसात नव्हतीच, म्हणून सगळे सरळ चहाला उठले.

टेलिफोन कंपनीच्या मुलाला तातडीने बोलावणं गेलं. लाईन त्यानेच जोडली होती. एकट्याने केलेलं त्याचं हे पहिलंच काम. मॅनेजरसाहेबांनी 'लाईन ठीक' असं कळवलं की तो नोकरीत कायम होणार होता, नाहीतर पुन्हा तक्रारींचे फोन उचलायला. तो पिशवी घेऊन आला, यंत्रं तपासली आणि त्याचा चेहरा पडला. लाईनमध्ये काही म्हणजे काही दोष नव्हता.

"म्हणजे नेमकं केलंयत काय तुम्ही?" ताईंना राहवेना.

"ताई, तुमच्याकडून निघालेलं पाकीट न फोडता आमच्या मोठ्या पाकिटात घालायचं. आमच्या रस्त्याने न्यायचं. पलीकडे आमचं पाकीट काढून घ्यायचं. तिकडच्या यंत्राला वाटतं, इकडचं यंत्र शेजारच्याच टेबलावर आहे."

"आणि आत काय आहे ते बघतच नाही?"

"नाही."

"कसं राहवतं हो तुम्हाला?"

घोळ असा होता, की दोन्हीकडचे कर्णे एकाच दुकानातून आणलेले आणि त्यांच्या मूळ सेटिंगला कोणी बोटही लावलं नव्हतं. एका घरातले कर्णे एकदम बोलतात, तसे ते आता बोलत होते.

"मग अडवा की तो भोंगा!" मॅनेजरसाहेब म्हणाले.

"साहेब, तुम्हीच बजावलं होतंत, काही अडवायचं नाही, काही गाळायचं नाही."

"मी कामाचं म्हणत होतो!"

"पाकीट न फोडता काम कुठलं आणि भोंगा कुठला, हे मला कसं कळणार?"

ऑफिसात हसू फुटलं. साहेबांनी सवयीने माईक ओढला आणि करड्या आवाजात म्हणाले, "कृपया हळू बोला."

थोड्या वेळाने कारखान्यातून फोन आला. भट्टीवरच्या मावशी होत्या. "अहो, ते 'हळू बोला' कोण म्हणालं? पोरी घाबरून कुजबुजायला लागल्या. मशीनच्या धडधडाटात काय ऐकू येणार? एकीने मीठ घातलं, दुसरीला कळलंच नाही, तिनेही घातलं. अख्खा घाणा खारट झाला!"

"पण तुम्ही ऐकलंत कशाला?" साहेब चिडले.

"वरून आवाज आला, साहेब. वरच्याचं ऐकायचं नाही, तर कोणाचं ऐकायचं?"

संध्याकाळी पाचला पुन्हा भोंगा झाला. ऑफिसची सुटायची वेळही पाचचीच होती, पण ते कोणाच्या लक्षात उरलं नव्हतं. बघता बघता खुर्च्या रिकाम्या झाल्या. एकटं काय बसायचं, म्हणून साहेबही निघाले.

मुलगा घरी पोचला तर आई दारातच. "झालास का रे कायम?"

"नाही गं. लाईन इतकी चांगली झालीय, की तेच नडतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने कर्ण्यांसाठी वेगळी वाट काढली आणि ती ऑफिसच्या भिंतीपाशीच थांबवली. बाकी सगळं पूर्वीसारखं पलीकडे जात राहिलं. ऑफिस शांत झालं. साहेब खुशीत म्हणाले, "वा! उद्या कळवतो तुमच्या वरिष्ठांना."

उद्या उजाडला आणि टेलिफोन कंपनीत तक्रार आली, लाईन बंद आहे. धावतपळत येऊन मुलाने सगळं तपासलं. लाईन झकास चालू होती.

"चालू कसली?" ताई फणकारल्या. "काल चहाला कोणी उठवलंच नाही. माझं डोकं उठलं."

तेवढ्यात मावशींचा फोन. "ते हळू बोलावाले बरे आहेत ना? कालपासून आवाज नाही. पोरी विचारतायत."

मॅनेजरसाहेबांनी मुलाला केबिनमध्ये घेतलं आणि दार लावलं. "बसा. काल मी अंधार पडेपर्यंत इथेच होतो. लक्षातच आलं नाही. घरी गेलो तर ही म्हणते, काल वेळेवर आलात, तेव्हा आजारी होतात का?" त्यांनी टेबलावरची टाचणी उगाच सरळ केली. "भोंगा सोडा परत. फक्त भोंगा."

कायम व्हायचा फोन साहेबांच्या हाताशीच होता. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मुलगा म्हणाला, "फक्त भोंगा नाही जमणार, साहेब. वाट उघडली की सगळंच येणार. मावशींचं बोलणं इकडे, आणि तुमचं तिकडे."

साहेबांनी फोन उचलला. "हॅलो, लाईन उत्तम आहे. मध्ये कोणी आहे असं वाटतच नाही. आणि त्या मुलाला कायम करून टाका."

मुलाने वाट उघडून दिली. बाकीची तपासणी होईतो पाच वाजले. भोंगा झाला. या वेळी जिन्यात सगळ्यांच्या पुढे साहेब होते. मुलगा एकटाच खाली वाकून तारा गुंडाळत राहिला. कर्ण्यातून मावशींनी विचारलं, "ऑफिसवाले, गेलात का सगळे?"

त्याने इकडे तिकडे पाहिलं. मग हळूच माईकचं बटण दाबलं. "गेले सगळे."

"मग तू कोण?"

"मी कोणी नाही, मावशी. मी मधला."

पलीकडे क्षणभर फक्त मशीन थंडावत गेल्याचा आवाज आला.

"मग मधल्या, तूही घरी जा. आई वाट बघत असेल."