कनीरामकाकांनी दाखवलेली जागा

औंढा नागनाथला माझं पंक्चरचं दुकान उभं राहिलं ते कनीराम राठोडकाकांमुळे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांना नुसते हसाल.

काकांना जागा पारखायचा नाद. रस्त्यात कुणी थांबला की जवळ जाऊन विचारायचे, "इथंच काहून थांबले?" माणूस लघवीला थांबलेला असला तरी कारण सांगितल्याशिवाय सुटका नाही. "आमचे आजे बैलावर मीठ लादून हिंडले," म्हणायचे. "मुक्काम कुठं टाकावा ते आमाला बराबर कळतं."

मी नंदुरबारकडचा, सातवीतच शाळा सोडलेला, कामाच्या शोधात इकडं आलेला. बायको-लेकरं गावी. इकडं मोटारसायकली मोजक्याच, म्हणून सायकल दुरुस्तीचं दुकान टाकायचं ठरवलं. नाही चाललं तर हवेचा पंप विकून परत जायचं. काकांना जागा विचारली.

देवळाजवळ? "तिथं माणूस चप्पल सांभाळतो, सायकल न्हाई."

बसस्टँडसमोर? "तिथं समदे एसटीकडं बघून राहतात. तुला कोण बघंल?"

शेवटी त्यांनी तांड्याच्या वाटेवरची, आपल्या घरासमोरची बाभळीखालची जागा दाखवली. "बाभूळ हाय म्हणजे काटा हाय. काटा हाय म्हणजे पंक्चर हाय. अजून काय पाहिजे तुला?"

सायकली पाहिजे होत्या. दिवसभर नुसत्या शेळ्या जायच्या. मग काकाच वाटेत उभे राहू लागले. चुकून सायकल आली की चाक अंगठ्यानं दाबायचे. "हवा कमी हाय. उतर."

पोस्टमन म्हणाला, "काका, सकाळीच भरली ना."

"मंग सकाळची झाली की ती."

असं ओढून ओढून त्यांनी मला वर्षभर जगवलं. गिऱ्हाईक नसलं की बोलत बसायचे. त्यांची मुलं-सुना पुण्याला बांधकामावर. घरात दुसरं माणूस नाही.

पुढं स्टँडसमोरची एक टपरी रिकामी झाली. काकांना सांगायचा मला धीर होईना. शेवटी भीतभीत सांगितलं. ते लगेच म्हणाले, "जाय. जागा बराबर हाय. खेड्यावरचा माणूस तिथंच सायकल लावून एसटी धरतो."

"मग आधी काहून नको म्हणाले?"

त्यांनी डोक्याचं मुंडासं सोडलं, पुन्हा बांधलं. "दारासमोर माणसाचा आवाज पाहिजे होता," म्हणाले, आणि माझा पंप उचलून स्टँडच्या दिशेनं चालू लागले.

आता स्टँडला धंदा बरा चालतो. एक दिवस बायको-लेकरं इकडं आणीन, आणि खोली घेईन ती काकांच्या घराला लागूनच. तिथं पाणी दुरून आणावं लागतं, लाईट सारखी जाते, शाळा लांब आहे. तरी तिथंच घेईन.