रंगीत टोप्यांची टोळी

बाळांनो, क्षणभर कल्पना करा. तुम्ही एका अनोळखी ग्रहावर उतरलात. हातात शिट्टी. ती फुंकली की गवतातून करंगळीएवढे रंगीत जीव धावत येतात आणि तुमच्यामागं ओळीनं चालू लागतात! लाल जीव आगीत जळत नाहीत, निळे पाण्यात बुडत नाहीत. कुणाला कुठं पाठवायचं, काय उचलून आणायचं, हे तुम्ही ठरवायचं.

माझा नातू विजयसिंह सुट्टीत हा व्हिडिओ गेम घेऊन आला. त्याचे एकामागून एक भाग निघालेत म्हणे. मी एकच खेळलो आणि गावात जाहीर केलं, "सारी हयात मास्तरकीत गेली, पण नेतृत्व शिकवायची खरी युक्ती आत्ता सापडली!"

आष्टीजवळच्या आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पाचवीतली सत्यशीला दरवर्षी आईबापांबरोबर जायची आणि शिकलेलं सगळं विसरून परत यायची. यंदा मी तिच्या वडिलांच्या, तानाजीच्या मागंच लागलो होतो.

"आजीपाशी ठेव तिला. मी शिकवतो."

"बघू, गुरुजी."

आमच्याकडं 'बघू' म्हणजे अर्धा होकार! उरलेला अर्धा मिळवावा, पोरीची हुशारी बापाला दिसावी, म्हणून शाळेच्या पटांगणात मी तो खेळ मांडला. पोरांना रंगीत कागदाच्या टोप्या. पडक्या कुंपणाचे दगड उचलून एका जागी रचायचे. सत्यशीला कॅप्टन, शिट्टी माझी.

शिट्टी वाजली आणि पोरं दावं तुटलेल्या वासरांसारखी उधळली! लाल टोप्या थेट खिचडीच्या चुलीकडं. "आमी जळत न्हाई!" निळ्या टोपीचा पहिलीतला उत्तरेश्वर कपड्यांसकट गुरांच्या पाण्याच्या हाळात. "मी बुडत न्हाई!" म्हणाला आणि बुडाला. मी आपला प्रेशर कुकरसारखा शिट्ट्या मारतोय!

सत्यशीलानं माझ्या हातातून शिट्टीच काढून घेतली. उत्तरेश्वरला मानगुटीला धरून बाहेर ओढलं. चुलीपुढं दोघींना राखणीला बसवलं. बारक्यांना खडे, मोठ्यांना दगड. बघता बघता पटांगण साफ!

कुंपणाबाहेर तानाजी आणि सत्यशीलाची आई बायनाबाई येऊन उभे होते.

"काय ओ गुरुजी," बायनाबाई म्हणाली, "तुमी कवापासून मुकादम झाले?"

मी पोट धरून हसलो. कारखान्यावर टोळ्या नेणारा खरा मुकादम धर्मराज त्यांच्या मागंच होता. तो हसला नाही. तो पोरीकडं बघत होता, बाजारात बैल पारखतात तसा.

"तानाजी, पोरगी लई कामाची हाय बे! कोपीवर, झोपडीत ऱ्हाऊन समद्यांची बारकी पोरं सांभाळंल, पाणी भरंल. बाया निवांत ऊस तोडतील. हिला कावून मागं ठेवतो?"

मी उसळलो. "अरे, शिकायचं वय आहे तिचं! कामाला कशाला जुंपता?"

"मंग दगडं कुणी उचलायला लावली, गुरुजी?"

"तो खेळ होता!"

"मंग तिथंबी खेळंल की!"

मी तानाजीकडं पाहिलं. तो खाली मान घालून पायानं माती उकरत होता. 'बघू'तला तो अर्धा होकारही गेला!

निघायच्या सकाळी ट्रॅक्टर शाळेसमोरच उभा. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, एक शेळी, बारकी पोरं आणि त्यांच्या मधोमध सत्यशीला. मी शाळेच्या पायरीवर उभा, जसा काही निरोप समारंभाचा अध्यक्ष! ट्रॅक्टर हलला. आणि तिनं धाडकन खाली उडी मारली!

ती शाळेकडं धावत सुटली. माझा ऊर भरून आला. शिकलेलं वाया जात नाही, बाळांनो! मी वर्गाचं दार सताड उघडलं आणि बाजूला सरकलो.

ती माझ्यापुढून तशीच पळत शाळेमागं गेली. परत आली ती उत्तरेश्वरला ओढत. तो लघवीला गेलता. चड्डी अजून हातातच.

"म्येल्या, ऱ्हायला असता ना हितंच!"

तिनं त्याच्या चड्डीचं बटण लावलं, त्याला उचलून ट्रॉलीत टाकलं, मागून स्वतः चढली आणि ड्रायव्हरला ओरडून म्हणाली, "चला आता! समदे आले!"