प्रकरण अकरा, बहीणभेट

धर्मपाल तायडे यांच्या ‘एकाच पांघरुणाखाली’ या कादंबरीने अमरावती जिल्ह्यातल्या तीनशे बारा माणसांना रडवले, याची लेखी नोंद उपलब्ध आहे. प्रकाशकाने पुस्तकाच्या शेवटी एक कार्ड ठेवले होते. त्यावर दोन प्रश्न होते. पहिला, रडू आले का? दुसरा, आईला फोन करावासा वाटला का? पुढे ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन. तीनशे बारा कार्डे परत आली आणि झाडून सगळ्यांनी दोन्हीकडे ‘होय’वर खूण केली होती. एका वाचकाने तर कार्डावर अश्रूचा डाग पडल्याबद्दल क्षमस्व, असेही लिहिले होते.

कादंबरी होतीच तशी. एका घरातल्या तीन पिढ्या आठ दिवस एकमेकांचे आयुष्य जगतात. मुलगा आईच्या जागी बसतो, आई मुलाच्या हपिसात जाते, सून लेकीच्या कॉलेजात आणि लेक स्वयंपाकघरात. आठव्या दिवशी सगळ्यांना सगळे समजते. मग येते प्रकरण अकरा. त्यात नवव्या दिवशी मुलगा हातातली कामे टाकून म्हाताऱ्या आईला तिच्या अंथरुणाला खिळलेल्या बहिणीकडे घेऊन जातो. दोघी बहिणी गळ्यात पडतात. मुलगा दाराआड उभा राहून डोळे पुसतो. तीनशे बाराच्या तीनशे बारा माणसे याच ठिकाणी कोसळली होती.

धर्मपाल यांची खरी आई लीलाबाई, वय चौऱ्याहत्तर, हिने कादंबरी वाचली नव्हती. तिच्या चष्म्याचा नंबर वाढला होता आणि चष्म्याच्या दुकानात न्यायला घरात कोणाला सवड नव्हती. पण प्रकरण अकरा तिला तोंडपाठ होते, कारण ते तिचेच होते. अकोल्याला तिची थोरली बहीण मैनाबाई उन्हाळ्यात न्हाणीघरात पडली, खुब्याचे हाड मोडले, तेव्हापासून खाटेवर होती. आणि कादंबरी लिहून होत होती तेव्हाच मैनाबाईची सून आरती फोनवर सांगू लागली होती की सासूबाई माणसे विसरायला लागल्या आहेत.

“बाप्पा धर्मपाल,” लीलाबाई म्हणायची, “मैनाबाई मले विसराच्या आंधी एक डाव अकोल्याले नेऊन दे न रे.”

“माय, तेच प्रकरण लिहून राहिलो न,” धर्मपाल मान वर न करता म्हणायचे. “त्याच्यात तुलेच नेऊन राहिलो मी.”

“पण मी तं इथंसाच आहो.”

“जराशी थांब. मूड जाते.”

बसने एकटी जाते म्हटले, तर तेही नाही. गुडघे दुखतात आणि शिवाय लेखकाची आई बसने एकटी हिंडते, हे लोकांना कसे दिसेल? पुढच्या रविवारी नक्की, असे ठरायचे. मैनाबाईला कवठाची चटणी जिवापाड आवडे. बाजारात कवठे आल्यापासून लीलाबाईने गूळ-जिरे घालून चार वेळा चटणी केली आणि चारही वेळा ती शेजाऱ्यांनी खाल्ली. शेजाऱ्यांचे मत चांगले होते.

आता इथपर्यंत सगळे चारचौघांच्या घरासारखेच होते. पण फेब्रुवारीत जिल्हा कौटुंबिक जिव्हाळा संवर्धन मंडळाने कादंबरी पुरस्कारासाठी विचारात घेतली आणि नियम सातकडे लक्ष वेधले. नियम सात असा : ‘साहित्यकृतीतील जिव्हाळा काल्पनिक असल्याचे आढळल्यास पुरस्कार देय राहणार नाही.’ सबब, लेखकाच्या कुटुंबाने पुस्तकाबरहुकूम आठ दिवस प्रत्यक्ष अदलाबदल करून दाखवावी व मंडळाच्या पडताळणी सदस्याकडून अहवाल भरून घ्यावा.

पडताळणी सदस्य किसनराव सोमवारी सकाळी साडेसातला हजर झाले. हातात ‘अश्रू नोंदवही’ होती. दिनांक, वेळ, रडणाऱ्याचे नाव, कोणत्या डोळ्याने, आणि शेरा, असे रकाने होते. माणूस तळमळीचा. त्यांची स्वतःची आई बडनेऱ्याला धाकट्या भावाकडे होती, हाकेच्या अंतरावर. पण जिव्हाळ्याच्या कामातून त्यांना तिकडे जायला वर्षभर सवड मिळाली नव्हती.

अदलाबदल झाली. धर्मपाल लीलाबाईची शाल पांघरून ओसरीतल्या बाजेवर बसले. पुस्तकानुसार आईचे काम लसूण सोलणे आणि दुपारी चार वाजता आठवणी सांगणे एवढेच होते. पहाटे पाचला उठून नळाचे पाणी भरणे पुस्तकात राहून गेले होते, त्यामुळे ते लीलाबाईच भरत राहिली. सून माधवी, जी शाळेत शिक्षिका होती, ती लेक प्राजक्ताच्या कॉलेजात गेली आणि शेवटच्या बाकावर डोके ठेवून सलग चार तास झोपली. लग्नानंतर दुपारी झोपण्याची तिची ही पहिलीच वेळ. ‘नव्या पिढीचा ताण समजून घेतला,’ असा शेरा पडला. प्राजक्ताने स्वयंपाकघरात उभे राहून फोनवरून पोहे मागवले. ‘परंपरा जपली.’

लीलाबाई हपिसात धर्मपाल यांच्या खुर्चीत जाऊन बसली. ते कोणते कार्यालय, हे सांगण्याची गरज नाही. सगळ्यांचे तिथे एकतरी काम अडकलेले असते. तिने कोणत्याही फायलीला हात लावला नाही. येईल त्याला बसवले, पाणी दिले, पोरेबाळे विचारली. फायली होत्या तिथेच राहिल्या. साहेबांनी तीन दिवसांनी लेखी कळवले की श्री. तायडे यांचे कामकाज नेहमीप्रमाणे सुरळीत असून वागणुकीत लक्षणीय सुधारणा आहे.

बुधवारी किसनराव गंभीर झाले. “प्रकरण अकराचं काय? बहीणभेट झाल्याशिवाय अहवाल पूर्ण होत नाही.”

चहा ठेवायला निघालेली लीलाबाई दारातच थबकली.

“ते नवव्या दिवशी आहे,” धर्मपाल म्हणाले.

“पडताळणी आठ दिवसांची. नवव्या दिवसाची तरतूद नाही. उद्याच उरकून टाकू. गाडी मंडळ देईल.”

लीलाबाईने त्या दिवशी पाचव्यांदा चटणी केली. ठेवणीतले लुगडे काढले, चटणीची बरणी फडक्यात बांधली आणि गुरुवारी सकाळी सगळ्यांच्या आधी गाडीपाशी जाऊन उभी राहिली. किसनरावांनी तिच्याकडे पाहिले, मग नियमावलीकडे पाहिले.

“आपण कुठे निघालात?”

“कुठं म्हन्जे? अकोल्याले. मैनाबाईकडे.”

“आपण सध्या धर्मपाल आहात. बहिणीला भेटायचं आहे ते आईनं. आई त्या तिकडे.” त्यांनी बोट दाखवले. धर्मपाल शाल सावरत बाजेवरून उठत होते.

“अवो, बहीण माही हाय!”

“मूळची आपलीच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण या आठवड्यात त्यांची आहे.”

“मंग धर्मपाल म्हणून येतो न मी. पुस्तकात पोरगा दाराआड उभा रायते. मी दाराआड उभी रायतो.”

किसनरावांनी नियमावली उघडली. तेवढ्यात मंडळाची दुसरी चिठ्ठी आली : कुटुंबप्रमुख श्री. धर्मपाल तायडे यांनी आज अकरा वाजता मंडळात उपस्थित राहून पुरस्कार स्वीकृतीच्या कागदांवर सही करावी. प्रमुख म्हणजे अर्थात लीलाबाई.

धर्मपाल जवळ आले. घरी ते तिला माय म्हणत. मंडळाच्या माणसांसमोर आई म्हणत. “आई,” ते हळूच म्हणाले, “समजून घे. हे एकदा पार पडू दे. पुढच्या रविवारी नक्की.”

गाडी निघून गेली. चटणीची बरणी लीलाबाईच्या हातातच राहिली. तिने मंडळात जाऊन सही केली. सही करताना ती रडली, पण तिथे नोंदवही नव्हती.

संध्याकाळी अहवाल आला. भेट अत्यंत हृदयस्पर्शी. आई (धर्मपाल) दोन्ही डोळ्यांनी, एकूण अकरा मिनिटे. छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

शुक्रवार तिने कसाबसा काढला. शनिवारी हपिसाला सुटी. सकाळी लीलाबाईने बरणी पिशवीत घातली आणि पायात चपला सरकवल्या. बाजेवरून धर्मपाल उठून बसले.

“आई, हे काय? अदलाबदल सोमवारपर्यंत आहे.”

“हाव. म्हणूनच जाऊन राहिलो. मी धर्मपाल आहो न? धर्मपाल मायले अकोल्याले नेतो, नेतो म्हणून राहिला होता. आज नेऊन राहिलो. तू लसूण सोल.”

किसनरावांनी नियमावली दोनदा चाळली. मुलाने आईला नेण्यास मनाई करणारा नियम सापडला नाही. तशी वेळ कधी आलीच नव्हती.

बसमध्ये गुडघे ठणकत होते, तरी लीलाबाई आतून पोरीसारखी खुशीत होती. काय बोलायचे, कुठून सुरुवात करायची, सगळे तिने मनाशी जुळवले. अकोल्याला उतरून ऑटोने घरी पोचली. आरतीने दार उघडले आणि मावशीला एकटीला पाहून तिचा चेहरा पडला.

मैनाबाई उशीला टेकून बसली होती. पार वाळली होती. लीलाबाईने तिचा हात दोन्ही हातांत धरला.

“बाई, मी लीला.”

मैनाबाईने तिला वरपासून खालपर्यंत निरखले. मग समजूतदारपणे मान हलवली. “लीला येऊन गेली परवा. मोटारीत आली होती.”

“अवो बाई, मी आहो लीला. पाह्य न नीट.”

“लीलेले मिशा आहेत,” मैनाबाई ठामपणे म्हणाली. “लय रडली बिचारी. फोटू काढला न गेली. चहा बी नाई घेतला. तू कोन वो माय?”

लीलाबाईने आरतीकडे पाहिले. आरती दाराला टेकून पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती.

“मावशी, परवा हे लोक आल्या-आल्या आई नीट म्हनल्या होत्या. तू धर्मा होय न, लीला काहून नाई आली, असंच इचारलं त्यायनं. पन ते वहीवाले म्हणे, बहिणीनं बहिणीले ओळखलं पायजे, नाईतर रकाना रिकामा रायते. मंग भाऊजी म्हनत रायले, मीच लीला, मीच लीला. सात-आठ डाव म्हनलं असन. मंग म्हनल्या आई, हाव, लीलाच. तवापासून हे असं.”

लीलाबाईने फडके सोडले, बरणी उघडली आणि बोटभर चटणी बहिणीच्या जिभेवर ठेवली. मैनाबाईने डोळे मिटले. चटणी तोंडात बराच वेळ घोळवली. तिच्या गालावरून पाणी ओघळले, आणि लीलाबाई तिच्याजवळ सरकली.

“अशी चटणी माही लीला करे,” मैनाबाई म्हणाली. “परवा आली तं आणली नाई. विसरली असन. म्हातारी झाली तेही. तुले भेटली तं सांगजो तिले, पुढच्या डाव आणजो म्हणा.”

“सांगतो,” लीलाबाई म्हणाली.

संध्याकाळच्या परतीच्या बसमध्ये तिच्या शेजारी एक तिशीतली बाई बसली होती. गळ्यात कुठल्याशा बँकेचे ओळखपत्र, मांडीवर ‘एकाच पांघरुणाखाली’, आणि नाकाला रुमाल. हुंदके आवरत नव्हते. शेवटी तिने पुस्तक मिटले आणि लीलाबाईकडे वळली.

“आजी, काय लिहिलं हो! बहीणभेटीचं आहे. हे वाचलं न, की अस्सं वाटते, आत्ताच्या आत्ता मायले फोन करावा.”

“कुठं असते तुही माय?”

“चांदूर बाजारले. एकटीच असते.”

“मंग कर न फोन.”

“करतो न. आधी हे कार्ड भरतो, नाईतर विसरतो.” तिने कार्ड काढले. बस उसळत होती, लिहायला टेकू नव्हता. लीलाबाईने आपली पिशवी पुढे केली. आत रिकाम्या बरणीचे झाकण सपाट होते, त्यावर कार्ड ठेवून त्या बाईने दोन्ही ‘होय’वर ठळक खुणा केल्या, समाधानाने कार्ड पर्समध्ये ठेवले आणि खिडकीला डोके लावून झोपली. बडनेरा आले, गेले. फोन काही तिने काढला नाही.

आठ दिवस पूर्ण झाले. पुरस्कार मिळाला. धर्मपाल भाषणात आईला व्यासपीठावर बोलावून तिच्या पाया पडले आणि सभागृहात चाळीस जण रडले. लीलाबाईच्या शनिवारच्या अकोला-भेटीबद्दल मंडळाने स्वतंत्र निर्णय दिला : छायाचित्र नाही, साक्षीदार सदस्य नाही, बहिणीने बहिणीला ओळखलेले नाही; सबब, ही भेट झाली असे धरता येणार नाही. लीलाबाईने त्यावर अपील केले नाही. तिने फक्त कार्यक्रमानंतर टेबलावर पडलेले एक कोरे कार्ड उचलले आणि प्राजक्ताकडून दोन्ही बाजूंनी वाचून घेतले.

“फोन करावासा वाटला का, हे इचारलं,” ती म्हणाली. “केला काय, हे कुठं इचारलं?”

“तो रकाना नाहीये, आजी.”

या गोष्टीच्या शेवटीही तो रकाना ठेवलेला नाही. वाचकांची गैरसोय करण्याचा आमचा हेतू नाही.