वरच्या थराची डोकी

सोमशेखर सरांनी प्रयोगशाळेचं दार उघडलं. त्यांच्या पेशीपटलाच्या मॉडेलची खालची रांग कुणीतरी फिरवून ठेवली होती. तपासणीचे साहेब अर्ध्या तासात येणार होते. उचगावच्या या कॉलेजात सर सात वर्षं तासावर शिकवत होते. तासावर म्हणजे आजारी पडायलासुद्धा परवानगी नाही. आज साहेबांचा शेरा चांगला आला तर कायम, नाहीतर पुन्हा तेच.

पेशीभोवतीच्या आवरणाचं ते मॉडेल साधं होतं. उभ्या थर्माकोलवर राजगिऱ्याच्या लाडवांच्या दोन रांगा. लाडू म्हणजे डोकं, त्याला टोचलेल्या खराट्याच्या दोन काड्या म्हणजे शेपट्या. मधे मधे गुळाचे खडे, ती प्रथिनं. लाडू बायकोनं, नीलम्मानं, पहाटे उठून वळले होते.

"कृष्णात, ह्येला हात कुणी लावला?"

"मीच की सर," शिपाई ऐटीत म्हणाला. "खालची सगळी डोक्यावर उभी व्हती. सरळ केली. प्राचार्य म्हटलं, आज कायबी उलटं दिसाय नको."

"आरं, ती तशीच असत्यात! डोक्याला पाणी आवडतं. शेपटी तेलकट, ती पाण्याला भिती. पेशीच्या आत पाणी, भाईर पाणी. म्हणून दोन्ही रांगांच्या शेपट्या मधी लपून बसत्यात. तू खालच्या शेपट्या पाण्यात सोडल्यास!"

"मग मरंल व्हय पेशी?"

"पेशी न्हाय, मी मरतो!"

सर घाईघाईनं लाडू फिरवू लागले. राजगिराच तो, भुगा झाला. खालच्या रांगेला एक डोकं उरलं नाही. कृष्णात पळाला आणि साहेबांच्या नाष्ट्याचे बुंदीचे लाडू परातीसकट घेऊन आला. शेवटचा लाडू बसला आणि बाहेर जीप थांबली.

प्राचार्य गणपतराव साहेबांना घेऊन आत आले. रिकामी परात बघून त्यांचा चेहरा पडला. पावण्याला तसंच पाठवायचं? त्यांनी मॉडेलला हात घातला.

"घ्या साहेब, लाडू घ्या."

"बुंदी नको, शुगर आहे. तो राजगिऱ्याचा चालेल."

"सर, ते पटल..." सोमशेखर कुजबुजले.

"गप बसा वो, पावणं उपाशी हाईत!"

वरची रांग एकेक करत गेली, काड्या तेवढ्या थर्माकोलला अडकून राहिल्या. शुगरवाल्या साहेबांनी मग प्रथिनंही चघळली. सरांची नजर त्या हलत्या जबड्यावरून हटेना. सात वर्षं चावली जात होती.

पोट भरल्यावर साहेबांनी चष्मा लावला आणि मॉडेलकडे पहिल्यांदा पाहिलं.

"या वरच्या काड्या कसल्या?"

"शेपट्या, साहेब."

"आणि यांची डोकी?"

सरांनी गणपतरावांकडे पाहिलं. गणपतराव पंख्याकडे बघत होते.

साहेबांनी शेरा लिहिला: 'वरच्या थराला डोकी नाहीत. प्रथिनांचा पत्ता नाही. शिक्षकांना विषय अर्धवट ठाऊक. तूर्त तासावरच ठेवावे.' सही करताना त्यांच्या मिशीत राजगिऱ्याचे दाणे अडकलेले होते.

जीप गेली. गणपतरावांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"वैनींना सांगा, पुढच्या साली चार लाडू जादा करा."