राक्षस हटवणेकामी गोरखची निवड

शौर्य हा गुण माणसात उपजत नसतो, तो बहुमताने येतो. निदान आमच्या भोरदरावाडीत तरी तो सूचक-अनुमोदकासह येतो, आणि ज्याच्या अंगी तो येतो तो माणूस त्या वेळी बहुधा दुसरीकडे असतो.

आमचं गाव आळेफाट्याजवळच्या आण्याच्या पठारावर. गावाच्या मानाने समित्या बऱ्याच आहेत. पाण्याची आहे, तंट्याची आहे, शाळेची आहे, जत्रेतल्या आमटीच्या कढया घासून घेण्याचीही आहे. सगळ्यांचे अध्यक्ष एकाच रीतीने निवडले जातात: जो सभेला गैरहजर, तो. ही रीत अत्यंत लोकशाहीवादी आहे. हजर माणूस "मला न्हाई जमायचं" म्हणून सभेचा वेळ घेतो, गैरहजर माणसाने असं म्हटल्याचं एकही उदाहरण नाही. (कै. भागूअण्णा वारल्यानंतरही बराच काळ तंटामुक्तीचे अध्यक्ष होते. त्यांच्या त्या कारकिर्दीबद्दल कोणाचीही तक्रार आली नाही.) मी स्वतः कित्येक वर्षांत एकही सभा चुकवलेली नाही. गावात मला जागरूक नागरिक समजतात.

तर यंदा संक्रांतीच्या सुमारास गावच्या खिंडीत एक राक्षस येऊन बसला. खिंड उतरलं की एसटीचा थांबा, दवाखाना आणि कॉलेज, त्यामुळे गैरसोय झाली. आम्ही रीतसर अर्ज केले. एका खात्याने कळवलं की दोन पायांचं जनावर आमच्याकडे येत नाही. दुसऱ्याने कळवलं की शिंगं असलेला इसम आमच्याकडे येत नाही. तिसऱ्याने तत्परतेने बिबट्याचा पिंजरा पाठवला. त्यात राक्षसाच्या पायाचा अंगठा बसला, आणि पिंजरा त्याला आवडल्यामुळे तोही गेला.

शेवटी ग्रामसभेने राक्षस हटवणे समिती नेमली, आणि अध्यक्षपदी गोरखची निवड झाली.

गोरख पालीला भितो, बँकेतल्या खिडकीला भितो, आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली की उठून अंगणात जातो. सभेच्या दिवशी तो त्याच कुकरची शिट्टी बदलून आणायला आळेफाट्याला, अख्खा दिवस खाणाऱ्या लांबच्या वाटेने, गेला होता. परत आला तेव्हा अध्यक्ष होता.

"आवं, पन मी न्हवतोच तिथं!" तो म्हणाला.

"म्हनून तर एकमतानं झालं राव," सरपंच बाळासाहेब म्हणाले. "एक बी हात खाली न्हवता."

काम होण्याआधी सत्कार करायचा, अशी आमच्याकडे पद्धत आहे. कामानंतर सत्कारमूर्ती शिल्लक असतीलच असं नाही, आणि मग आणलेली शाल पडून राहते. त्याप्रमाणे शाल झाली, नारळ झाला, फेटा झाला. चौकात फ्लेक्स लागला: 'राक्षसवधाबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांचे चेहरे, सगळे गॉगल लावून. गोरखचा बरा फोटो न मिळाल्यामुळे आधार कार्डावरचा घातला. त्यात तो आधीच गेल्यासारखा दिसत होता. राक्षस मात्र छान आला होता.

पहिल्या दिवशी गोरखने वळणावरून राक्षसाचं एक नख पाहिलं आणि तो परत फिरला. चौकात फ्लेक्सखाली मंडळी बसली होती. "झालं का?" असं त्यांनी आपुलकीने विचारलं. "तंबाखू इसरलो," गोरख म्हणाला. (तो तंबाखू खात नाही.) आमच्या पाहणीनुसार गावातले निम्म्याहून अधिक पराक्रम घरी परतायची लाज वाटल्यामुळे घडलेले आहेत. गोरख मात्र लाज गिळून थेट घरी गेला. भित्रा माणूस कधी कधी असा धीट असतो.

घरी त्याची मुलगी अक्षदा बारावीचा अभ्यास करत होती. परीक्षा महिन्यावर आलेली, परीक्षेचं केंद्र खिंडीखाली. खिंड मोकळी झाली नाही तर वर्ष गेलं. त्यातच तिच्या आईच्या, म्हणजे प्रतिभाच्या, चुलत्याने लोणीचं एक स्थळ आणलं होतं. मुलगी घरीच बसून आहे म्हटल्यावर पाहुण्यांना ती न बघताच पसंत पडली होती.

अक्षदाने बापाकडे पाहिलं आणि म्हणाली, "पप्पा, नका जाऊ तुमी. मी बसते घरी." मग तिने पुस्तकं गोळा केली आणि पेटीत ठेवायला लागली.

ती रडली असती, भांडली असती, तर गोरखला सोपं गेलं असतं. पण पोरीने त्याच्या भीतीसाठी स्वतःचं वर्ष सोडलं, याचं त्याला फार वाईट वाटलं. पेटीचं झाकण लागलं तसा तो दचकला, पण अंगणात गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा निघाला. चौकातून नाही, शेतांमधल्या मागच्या पांदीने, कोणाला न सांगता. (त्यामुळे या प्रसंगाचे फोटो समितीकडे उपलब्ध नाहीत.) बरोबर प्रतिभाने दिलेल्या भाकरी आणि कॅनभर आमटी. या वेळी वळणावर न थांबता तो तसाच खिंडीत गेला.

राक्षस जवळून बराच मोठा होता.

"राम राम," गोरख म्हणाला. "पावणं, जेवला का?"

आमच्या भागात काय बोलावं हे सुचलं नाही की माणूस समोरच्याला जेवणाचं विचारतो. राक्षसाने नाही म्हणून मान हलवली, कॅन उचलला आणि एका घोटात संपवला. आमची आमटी तिखट असते. राक्षसाच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते रस्त्यावरून ओहोळासारखं वाहिलं, आणि तिखट उतरल्यावरही थांबेना.

"मला हितं बसायचंच न्हवतं ओ," तो म्हणाला. त्याचं नाव रखमाजी. "आमची सभा झाली, तीत माझं नाव घातलं. मी न्हवतो त्या दिशी."

"कुठं गेला व्हता?"

"शिंग तासून घ्यायला."

गोरख त्याच्या अंगठ्यावरच्या पिंजऱ्याला टेकून खाली बसला. त्याने विचारलं, "फ्लेक्स बी लावला का?"

"दगडात कोरलंय," रखमाजी म्हणाला.

"मंग जाऊन सांग की त्यान्ला, न्हाई जमत म्हनून."

"भ्या वाटतं."

"मला बी वाटतं," गोरख म्हणाला. "चल, मी येतो संगं."

राक्षसांची सभा लांब डोंगरात, तळेघरच्या वरच्या अंगाला भरते. तिकडे बस कमी, त्यातून रखमाजीला कंडक्टरने घेतलं नसतं, म्हणून ते चालत गेले. म्हणजे रखमाजी चालला, आणि गोरख त्याच्या खांद्यावर बसला. आळेफाट्यापर्यंत त्याने दोन्ही डोळे मिटले होते. नारायणगावात एक उघडला. घोडेगावच्या पुढे दोन्ही उघडे होते आणि तो डिंभ्याच्या धरणाचं पाणी बघत होता. धैर्याच्या वाढीचा यापेक्षा विश्वसनीय आलेख आमच्याकडे नाही. वाटेत रखमाजीकडे कोणी वळून पाहिलं नाही. निवडणुका जवळ होत्या, त्याच्यापेक्षा मोठी माणसं चौकाचौकात लटकत होती.

तळेघरच्या पुढे गोजरबाई नावाची म्हातारी डोक्यावर गवताचा भारा घेऊन निघाली होती. तिने रखमाजीला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"सभंला व्हय? वरच्या सड्यावर हाये," ती म्हणाली. "दर साली येत्यात. माझा हरभरा तुडवला न्हाई म्हंजी झालं."

सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर, भर दुपारी सभा भरली होती. अध्यक्षस्थानी साळुबाई नावाची अतिशय वयस्कर राक्षसीण. तिची जांभई संपेपर्यंत विषय पुढे जात नसे. रखमाजी मागच्या रांगेत गोरखच्या पाठीशी लपला. त्याचा फारसा उपयोग झाला नाही. सगळ्या राक्षसांनी वळून पाहिलं. गोरखच्या कानात तिसरी शिट्टी झाली. पण आता अंगण लांब होतं आणि पेटीत पुस्तकं पडली होती. तो उभा राहिला.

"ह्यो सभंला न्हवता," तो म्हणाला. आवाज चिरकला, म्हणून त्याने पुन्हा मोठ्याने सांगितलं. "ह्यो सभंला न्हवता! ह्याला कुनी इचारलं व्हतं का? आन् खिंडीत बसायचं तरी कशापायी?"

साळुबाईने मागच्यांना विचारलं. त्यांनी त्यांच्या मागच्यांना विचारलं. अखेर एक म्हातारा राक्षस म्हणाला, "जागा मोकळी दिसली, म्हनून."

चर्चेअंती रखमाजीला मुक्त करण्यात आलं. खिंडीची जागा, योग्य उमेदवार मिळेपर्यंत, रिक्त ठेवण्यात आली.

अक्षदा परीक्षेला बसली. पहिल्या दिवशी तिला केंद्रावर गोरखने स्वतः सोडलं, आणि पेपर सुटेपर्यंत तो फाटकाबाहेर उभा होता. लोणीच्या स्थळाने, मुलगी घराबाहेर पडते असं समजल्यावर, दुसरीकडे बघितलं.

मग गोरख आयुष्यात पहिल्यांदा ग्रामसभेला आला. "मी कुनाला मारलं न्हाई," तो म्हणाला. "आन् ह्या समितीचं मी सोडलं. हितून पुढं कुनाचं नाव घालायचं तर आदी त्याला इचारायचं." बाळासाहेबांनी त्याच्या निर्भीडपणाचं कौतुक केलं. मलाही गहिवरून आलं. विचारूनच नाव घालण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. (फ्लेक्स अजून आहे. गोठ्याला त्याचा आडोसा होतो.)

मात्र या सुधारणेमुळे एक पेच उभा राहिला आहे. गोरखचं पाहून गावातला जो तो सभेला हजर राहू लागला. सड्यावरही तेच झालं असं कळतं. समितीचं अध्यक्षपद रिकामं, खिंडीतली जागा रिकामी, दोन्ही सभा आज, आणि गैरहजर म्हणून सापडत कोणीच नाही. आम्ही फार शोधाशोध केली.

मग माझ्या लक्षात आलं की एवढं सगळं चाललेलं असताना तुम्ही केव्हापासून निवांत कथा वाचत बसला आहात.

तुमचं नाव मीच सुचवतो आहे. राक्षस हटवायला जायचं की खिंडीत बसायला, ते सभा ठरवेल. ठरावाप्रमाणे आधी विचारणं भाग आहे, म्हणून विचारतो: आपली काही हरकत?

काही ऐकू आलं नाही. होकार धरला आहे. फ्लेक्ससाठी बरा फोटो असेल तर पाठवा, नाहीतर आधार कार्डावरचा आहेच.