मानाचं हाड

साहित्य माणसाला लोभापासून दूर नेतं, हे आता सर्वमान्य झालेलं आहे. आमच्या तालुक्यात तर त्यासाठी दरवर्षी एक मेंढा कापला जातो.

तालुकास्तरीय निबंध स्पर्धेची अंतिम फेरी ज्या गावच्या शाळेत असेल, मेंढ्याचा मानही त्याच गावाचा. यंदा तो आमच्याकडे आला आणि गावातल्या यच्चयावत मंडळींना एकाएकी साहित्याविषयी आस्था वाटू लागली. मेंढा कोणाच्या कळपातला घ्यायचा यावर पालकसभेत दुपारभर चर्चा झाली. दोन चुलतभावांची बोलचाल बंद झाली, ती अजून बंद आहे. निबंधाचा विषय त्याच सभेत, लोक टोप्या चढवून उठत असताना ठरला: ‘साहित्याने मला काय शिकवलं: महत्त्वाकांक्षा, लोभ आणि कृतज्ञता.’

पहिलं बक्षीस, राजधानीत, बिश्केकच्या विद्यापीठात साहित्य शाखेत मोफत प्रवेश, वसतिगृहासकट. दुसरं बक्षीस, भिंतीवरचं घड्याळ. (तिसरं बक्षीस नाही. गेल्या वर्षी होतं, ते आता मुख्याध्यापकांच्या खोलीत टांगलेलं आहे.)

माझं नाव जायना, इयत्ता अकरावी, यंदाची विजेती. विजेत्याने स्मरणिकेसाठी मनोगत लिहावं असा दंडक आहे, तो मी नम्रपणे पाळते आहे.

सरळच सांगते, तो प्रवेश मला हवा होता. किती हवा होता ते लिहिलं तर स्मरणिकेत छापणार नाहीत. नाही मिळाला तर काय, तेही ठरलेलं होतं. माझी मावशी मॉस्कोत एका गोदामात पार्सलांना चिकटपट्टी लावते. तिने तिथे माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. मावशी दर रविवारी फोनवर दिसते. तिच्या बोटांची सालं निघालेली असतात आणि ती म्हणते, सगळं छान चाललंय.

आता साहित्याविषयी. शाळेत वाचलेल्या समस्त कथा-कादंबऱ्यांतल्या लोभी पात्रांची मी पाहणी केली. शेकडा ब्याण्णव जाडे निघाले, शेकडा सात जणांना मिशा होत्या आणि उरलेली एक सावत्र आई होती. बारीक अंगाचा, बिनमिशीचा, अकरावीत शिकणारा लोभी माणूस जागतिक साहित्यात आढळत नाही. हे पाहून मला फार हायसं वाटलं.

महत्त्वाकांक्षा आणि लोभ यांतला फरक मात्र मला बरेच दिवस कळत नव्हता. आमच्या साहित्याच्या शिक्षिका सलकिन एजे (एजे म्हणजे ताई) यांनी तो एका तासात फळ्यावर मांडून दिला. एखादी गोष्ट नायकाला हवी असेल तर ती महत्त्वाकांक्षा. शेजारच्याला हवी असेल तर लोभ. आणि विद्यार्थ्याला हवी असेल तर आगाऊपणा. आम्ही उतरवून घेतलं.

राहिली कृतज्ञता. तिला शंभरातले साठ गुण आहेत, त्यामुळे आमच्या भागात ती विपुल प्रमाणात आढळते. माझ्या पहिल्या मसुद्यात ती शेवटच्या दोन ओळींत होती. एजेंनी चष्मा कपाळावर सरकवला.

“अगं, आभार एवढेसेच? लोक म्हणतील पोरगी माजली.”

“एजे, मग लोभाबद्दल कुठे लिहू?”

“लोभाला काय करायचंय? लोभ काय परीक्षक आहे?”

त्यानंतर मी आभार क्रमवार लिहून काढले. आई-वडील, एजे, मुख्याध्यापक, शिक्षण विभाग, स्पर्धेचे परीक्षक, परीक्षकांना घडवणारे त्यांचे शिक्षक, सभागृहाच्या शेगडीला कोळसा देणारे गावप्रमुख, आणि (एजेंच्या आग्रहावरून) साक्षात मेंढा. पाच पानांच्या निबंधात महत्त्वाकांक्षेला एक परिच्छेद उरला. लोभ एका वाक्यात आटोपला. त्यात मी लोभाचा तीव्र निषेध केला होता.

अंतिम फेरीत आमच्या शाळेतून दोघं होतो, मी आणि तिलेक. तिलेकचे वडील हिवाळ्यात वरच्या कुरणात घोडे राखतात, तिलेक सुटीत त्यांच्याकडे असतो. माझं वाचून झालं तेव्हा टाळ्या बराच वेळ चालल्या, कारण ज्यांचे ज्यांचे आभार मानले होते ते सगळे सभागृहातच होते. मी खाली येताना तिलेक कुजबुजला, “तुझा निबंध ऐकून लोभ कंटाळून निघून गेला बघ.”

मग तो वर गेला. त्याचा निबंध अर्ध्या पानाचा होता. त्याने लिहिलं होतं की एका हिवाळ्यात त्याने वडिलांना एक जाडजूड कादंबरी वाचून दाखवली. लढाया झाल्या, लग्नं झाली, राज्यं बुडाली. वडील लगामाचं चामडं शिवत ऐकत राहिले. शेवटचं पान झाल्यावर त्यांनी विचारलं, एवढं सगळं होईपर्यंत त्या घोड्याला चारा कोण घालत होतं? तेव्हापासून तिलेक प्रत्येक पुस्तकात घोड्याला चारा घालणारा माणूस शोधतो आहे. आमच्या शाळेच्या कपाटातली पुस्तकं संपली. बिश्केकला मोठं ग्रंथालय आहे असं तो ऐकून आहे. तिथे जायची त्याला इतकी इच्छा आहे की रात्री झोप लागत नाही. ही महत्त्वाकांक्षा की लोभ, ते त्याला माहीत नाही. संपलं.

आभार शून्य.

सभागृहात कोणी टाळी वाजवली नाही. मागच्या बाकावर कुणाच्या तरी आजोबांनी नाक शिंकरलं. परीक्षकांतल्या निवृत्त तपासनीस झूरा एजे खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. तिलेकचा निबंध माझ्या निबंधापेक्षा चांगला होता. हे मी विनयाने म्हणत नाही, ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते कळलं होतं, मला सगळ्यांत आधी.

नियमाप्रमाणे निकालाच्या आधी जेवण असतं. उपाशी पोटी न्याय होत नाही, असं विभागाचं धोरण आहे. (भरल्या पोटी होतो का, यावर अद्याप पाहणी झालेली नाही.) आणि कृतज्ञतेचं प्रात्यक्षिक म्हणून पाहुण्यांना वाढायचं काम यजमान शाळेच्या स्पर्धकांकडे. तिलेककडे हात धुवायचा लोटा आणि माझ्याकडे हाडांचं ताट.

इथे पेच होता. कोणतं हाड कोणाच्या पानात, हे आमच्याकडे वयावर ठरतं. कमरेचं मोठं हाड, जांबाश, सगळ्यांत ज्येष्ठाला. मग मांडीचं, मग खांद्याचं, बरगड्या, आणि कण्याचे मणके पोरासोरांना. पण परीक्षक मंडळाचे अध्यक्ष एर्मेक अगाय (म्हणजे सर) होते अवघे चौतीस वर्षांचे. स्वतः कवी, विभागात अधिकारी, प्रवेशाच्या कागदावर सही त्यांची. पंगतीत सगळ्यांत धाकटे तेच. यावर मुख्याध्यापकांनी रात्र जागून तोडगा काढला होता. अध्यक्षांना दारापासून सगळ्यांत लांबच्या, म्हणजे सगळ्यांत वरच्या मानाच्या आसनावर बसवायचं आणि हाडं आसनाच्या क्रमाने वाढायची. स्वयंपाकघराच्या दारात त्यांनी मला बजावलं, “वर बसलेल्या पाहुण्याला जांबाश. तोंडाकडे बघू नकोस, आसनाकडे बघ. कळलं?”

कळलं. योजना निर्दोष होती. फक्त परीक्षकांना घेऊन आलेल्या गाडीचे ड्रायव्हर ओमोर अके हिशेबात धरलेले नव्हते.

ओमोर अके सत्तरीच्या पुढचे. निबंध चालू असताना ते गाडीत झोपले होते. थंडी वाजली तशी ते आत आले आणि दारापाशी गुडघे मोडून बसले. आता पांढऱ्या दाढीचा माणूस दारापाशी बसलेला आणि आपण त्याच्या वर, हे आमच्यातल्या कोणालाच सहन होत नाही. त्यांच्या शेजारचा शिक्षक उठला, “अके, जरा वर सरका ना.” अके वर सरकले. पुढचा उठला. त्याच्या पुढचा उठला. प्रत्येकाने आपापल्यापुरता शिष्टाचार पाळला आणि अके हळूहळू खोली चढत गेले. शेवटी अध्यक्षच उरले. ते उठले नसते तर त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. ते उठले. खालचा प्रत्येक जण त्यांच्याहून वयाने मोठा, त्यामुळे सरकता सरकता त्यांना जागा मिळाली ती थेट दारापाशी.

मी ताट घेऊन आत आले. तोंडाकडे बघितलं नाही. आसनाकडे बघितलं.

जांबाश ओमोर अकेंच्या पुढे ठेवला गेला तेव्हा मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले. ठेवलेलं हाड परत उचलत नाहीत, तेवढं लहान मुलालाही माहीत असतं. मी पुढे वाढत गेले. दारापाशी पोचले तेव्हा ताटात मणका होता.

“मला मणका?” एर्मेक अगाय हळू आवाजात म्हणाले.

“चांगला मऊ शिजलाय, अगाय,” मी म्हणाले.

ओमोर अकेंनी मात्र हाड दोन्ही हातांत धरून सर्व बाजूंनी पाहिलं. “तीस वर्षं गाडी चालवतोय,” ते म्हणाले, “दर वेळी बाहेर बशीत पाठवतात. आज पहिल्यांदा कोणी आठवण ठेवली.” त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी ते सावकाश, नीट, एक तंतू न सोडता खाल्लं. बाकीचे बघत होते.

जेवण झालं की सगळ्यांत ज्येष्ठाने आशीर्वाद द्यायचा आणि मगच उठायचं. अकेंनी हात पुसले, तळवे उघडले आणि मला विचारलं, “लेकी, मला मान दिलास. बोल, तुला काय हवं?”

अशा वेळी काय म्हणायचं ते ठरलेलं आहे. मला आपल्या आरोग्याहून दुसरं काही नको, असं म्हणायचं. आम्हाला बोलायला लागल्यापासून ते शिकवतात. माझ्या पाच पानांत तेच तर होतं.

“बिश्केकचा प्रवेश,” मी म्हणाले. “वसतिगृहासकट.”

सलकिन एजेंनी चहाची वाटी खाली ठेवली. अकेंनी मान हलवली आणि माझ्या शेजारी लोटा घेऊन उभ्या असलेल्या तिलेककडे वळले. “आणि तुला रे, पोरा?”

तिलेकच्या कानापर्यंत लाली चढली. त्याच्या बापाने त्याला फार चांगलं वळण लावलेलं आहे. तो म्हणाला, “तुमची तब्येत बरी राहो, अके. मला दुसरं काही नको.”

“शाबास,” अके म्हणाले. सगळ्यांनी तळवे उघडले. एर्मेक अगायनीही मणका खाली ठेवून तेलकट तळवे उघडले. “या लेकीला राजधानीत प्रवेश मिळो, वसतिगृहासकट. या पोराच्या इच्छेप्रमाणे माझी तब्येत ठणठणीत राहो. घाटात बर्फ नसो. ओमीन.”

“ओमीन, तसंच होवो,” सगळे म्हणाले आणि तोंडावरून हात फिरवले. अध्यक्षांनीही.

परीक्षक मंडळ विचारविनिमयासाठी रसायनशास्त्राच्या खोलीत गेलं. दार नीट लागत नसल्यामुळे विचारविनिमय सर्वांना ऐकू आला.

“त्या मुलाचा निबंध...” झूरा एजे म्हणाल्या.

“हात वर करून ओमीन म्हटलंय आपण,” तिसरे परीक्षक म्हणाले. “आता नाही म्हणायचं, आणि त्याच म्हाताऱ्याच्या गाडीत बसून घाट उतरायचा?”

“कृतज्ञतेत तशीही मुलगी पुढे आहे,” असं एर्मेक अगायनी शेवटी म्हटल्याचं ऐकू आलं, आणि साहित्याचा निकाल लागला.

त्यानंतरच्या घडामोडी समाधानकारक आहेत. ओमोर अकेंची तब्येत उत्तम आहे, गुडघेसुद्धा दुखायचे थांबले. तिलेकला घड्याळ मिळालं, ते वरच्या कुरणात टांगलेलं आहे. मॉस्कोच्या गोदामातली माझ्यासाठी धरून ठेवलेली नोकरी वाया जाऊ नये म्हणून मी मावशीशी बोलून ती तिलेकला मिळवून दिली. निघायच्या दिवशी तो माझे आभार मानायला घरी आला होता. आईने त्याला वाटेत खायला तळलेले बोर्सोक बांधून दिले. तो म्हणाला, ग्रंथालयात घोड्याला चारा घालणारा सापडला तर कळव. मी हो म्हणाले. मग घरात जाऊन भांडी घासली, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

यंदाच्या अनुभवावरून विभागाने पुढच्या वर्षीपासून निबंध ऐच्छिक करावेत आणि मेंढा अनिवार्य ठेवावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

मनोगताच्या शेवटी आभार मानायची प्रथा आहे. आई-वडील, एजे, परीक्षक यांचे निबंधात मानून झाले आहेत, म्हणून इथे फक्त वाचकांचे मानते. दोन निबंधांतला कोणता चांगला, हे मी तुम्हाला जेवणाच्या आधीच सांगितलं होतं. तरी मी ताट घेऊन आत आले तेव्हा, अकेंनी मला विचारलं तेव्हा, ते सगळे ओमीन म्हणाले तेव्हा, प्रवेश मलाच मिळावा असं तुम्हाला वाटत होतं. तिलेक तिथेच लोटा घेऊन उभा होता. तुमचा लोभ माझ्यावर असाच राहो.