व्याह्यांच्या टबातलं पाणी

मुलीच्या होणाऱ्या सासरी व्याह्यांच्या आधी आंघोळ करायची नाही, एवढंच मी ठरवलं होतं. (माणसानं असं काही ठरवू नये. मी तर नाहीच नाही.)

आमची दीक्षा जपानात नोकरीला. तिथल्याच ताकुमी नावाच्या मुलाशी तिचं जमलं आणि त्याच्या आईवडिलांनी आम्हा दोघांना चार दिवस राहायला बोलावलं. मुलगी त्यांना केव्हाच पसंत होती. पसंती व्हायची होती ती आमची! सोलापुरातून निघतानाच हिनं बजावलं होतं, "तितं जाऊन शानपना करू नका."

घर झकास होतं. न्हाणीघराच्या खिडकीत अख्खा फुजी पर्वत. लोक तो बघायला जगभरातून येतात म्हणे. माझे डोळे मात्र खाली, टबावर. काठोकाठ गरम पाणी! आमच्या गल्लीत नळ येतो चार दिवसांनी. एवढ्या पाण्यात आमचं घर आठवडा काढतं.

"आप्पा," दीक्षा म्हणाली, "आधी बाहेर अंग घासून धुवायचं, मग टबात नुसतं बसायचं. पाणी सोडायचं नाही. तुमच्यानंतर सगळं घर त्यातच बसणार."

मी हादरलोच. "म्हणजे मी बसलेल्या पाण्यात व्याही बसणार? अगं, मी मुलीचा बाप! मान त्यांचा."

"इथं पहिला मान पाहुण्याचा असतो."

दारात व्याही कमरेत वाकून 'आधी आपण' अशी खूण करत होते. मीही वाकलो. ते आणखी वाकले. मीही आणखी वाकलो. शेवटी माझ्या कमरेत उसण भरली, म्हणून मी आत गेलो. पण टबाला बोट लावलं नाही! बाहेरच्या बाहेर दोन बादल्या अंगावर घेतल्या, कपडे चढवले आणि बाहेर येऊन म्हणालो, "लई भारी!"

व्याही आत गेले आणि लगेच पडलेल्या चेहऱ्यानं बाहेर आले. विहीणबाईंच्या कानात काहीतरी कुजबुजले. पाठोपाठ दीक्षा धावत आली.

"आप्पा! टबात बसलाच नाहीत?"

"मान राखला त्यांचा."

"टब तसाच काठोकाठ आहे. त्यांना वाटतंय, तुम्हाला पाणी घाण वाटलं. ताकुमीच्या आई तर रडकुंडीला आल्यात. म्हणतात, ह्यांना आपलं घरच आवडलं नाही, मग मुलगी कशी देतील? आता त्याचे बाबा सगळं पाणी सोडून नवीन भरताहेत."

लग्न मोडायची वेळ आली होती. पण बाप असून मी ओरडलो काय? "सगळं पाणी?"

तेवढ्यात आतून आवाज आला, गुडगुडगुड.

माझ्या काळजाचं पाणी झालं. धावलो. व्याही बाह्या सरसावून टबाशी उभे, हातात बूच. मी शर्ट-पँट-स्वेटरसकट टबात उडी घेतली आणि भोकावर फतकल मारून बसलो.

"ऱ्हाऊ द्या! हेच पानी लई ग्वाड हाय!"

त्यांना शब्द कळला नाही, पण पाहुणा टबात बसला हे दिसलं. त्यांचा चेहरा असा उजळला! विहीणबाईंनी डोळे पुसत टाळ्या वाजवल्या. ताकुमीनं दीक्षाचा हात धरला. जमलं!

मी छाती फुगवून हिला म्हणालो, "बगितलं का? लगीन बी वाचवलं आन् पानी बी."

ही घोटाभर पाण्यात उभी होती. व्याह्यांच्या सपाता तिच्यासमोरून तरंगत दाराबाहेर चालल्या होत्या.

"भोकातनं तांब्याभर गेलं आसंल," ही म्हणाली. "निम्मा टब तुमच्या पोटानं भाईर काडला की."